भिंगबाईंचे कवडसे

भिंगबाई आकाश शिकवायच्या, पण ‘वर बघा’ असं त्या कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्यांचा वर्ग कायम खाली बघत असायचा. झेंड्याच्या काठीची सावली बघ, परातीतल्या पाण्यात बघ, सारवलेल्या जमिनीवरचा कवडसा बघ. “वर बघितलं की डोळे दिपतात आणि मान दुखते. खाली बघा. वरचं सगळं कधी ना कधी जमिनीवर उतरतं,” हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

माझ्यासाठी ती मोठीच सुटका होती. मी खाली मान घालून चालणारी मुलगी. वडील मोहोपाड्याच्या कारखान्यात केमिस्ट, आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायचो आणि मी बसने पनवेलच्या इंग्रजी शाळेत जायचे. घरी येणाऱ्या प्रत्येक काकूंनी मला कधी ना कधी विचारलेलं, “मान वर कर की गं, खाली काय सांडलंय तुझं?” शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून मी गप्प, कॉलनीत मराठी चुकेल म्हणून गप्प. आठवीत मराठीत जेमतेम पास झाले, तेव्हा आईने मेच्या सुट्टीत मला कॉलनीच्या भिंतीपलीकडे जुन्या गावात शिकवणीला धाडलं. तिथल्या मराठी शाळेच्या बाई भाड्याच्या खोलीत एकट्याच राहायच्या. पर्समध्ये पितळी कडीचं जाड भिंग असायचं. चष्म्यावर पैसे घालवायचे नाहीत म्हणून त्या त्याने वर्तमानपत्र वाचायच्या आणि मुलांना कागद पेटवून दाखवायच्या. म्हणून गावाने त्यांचं नाव भिंगबाई ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“तुझी नजर खालीच असते का गं?”

मी खाली बघूनच मान हलवली.

“वा! मग तू माझ्या कामाची आहेस. सांग बघू, जमिनीवर काय दिसतंय?”

जमिनीवर कौलांच्या फटींतून आलेले चार-पाच कवडसे पडले होते. मी तेच सांगितलं.

“कसे आहेत?”

“गोल.”

“आता कौलं बघ. ऊन बघू नकोस, फटी बघ. त्या गोल आहेत का?”

फटी वाकड्यातिकड्या होत्या. एक चिरेसारखी लांब, एक तिकोनी, एक तर कौलाचा टवका उडालेला. खाली मात्र सगळे कवडसे सारखे गोल. मी गोंधळून बाईंकडे बघितलं. “असू दे. विचार करून ठेव,” त्या म्हणाल्या आणि वाचनमाला उघडली. त्या एका प्रश्नापायी मी संपूर्ण सुट्टीत शिकवणी एकदाही चुकवली नाही, आणि शाळा सुरू झाल्यावरही जातच राहिले.

त्यांचा आवडता शब्द होता ‘कशावरून?’ चहा झाला म्हटलं तरी कशावरून, पाऊस येणार म्हटलं तरी कशावरून. मी एकदा मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं की पृथ्वी गोल आहे.

“कशावरून?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तकाला कुणी सांगितलं?”

मला राग आला. आमच्या शाळेत असं कुणी विचारत नसे. पण त्या चेष्टा करत नव्हत्या, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते देता येईना म्हणून मी शाळेच्या लायब्ररीतून ग्रहताऱ्यांवरचं इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणलं आणि अडखळत त्यांना मराठीत सांगू लागले. तो माझा मराठीचा खरा अभ्यास, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शाळेच्या पटांगणात झेंड्याची काठी होती. तिच्याभोवती बाईंनी चुन्याच्या खुणा करून ठेवलेल्या. कारखान्याचा भोंगा बाराला व्हायचा आणि गाव त्यावर जेवायला बसायचं. बाई मात्र पोरांना काठीपाशी उभं करायच्या. सावली अजून आखूड होतच असायची. अर्धा तास आणि वर थोडा वेळ गेला की ती सर्वांत आखूड व्हायची आणि मग पुन्हा लांबू लागायची.

“भोंगा अलाहाबादकडच्या सूर्यावर चालतो,” बाई सांगायच्या. “सगळ्या देशाची घड्याळं तिकडच्या सूर्यावर लावलेली. आपला सूर्य अजून वाटेत आहे.”

तेव्हापासून गावातली पोरं कॉलनीतल्या पोरांना ऐकवायची, “तुमचे बारा वाजले, आमचे वाजायचे हायत!” आणि मेच्या मध्यात एका दुपारी ती सावली काठीच्या बुडाशी जाऊन नाहीशीच झाली, तेव्हा एका मुलीने काठीभोवती फेरी मारून विचारलं, “बाई, सावली कुनी उचलली?” बाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

बाईंची घरमालकीण ठमाबाय. बाईंची खोली तिच्याच घरातली, मध्ये नुसता कुडाचा आडोसा, वर कौलं एकच. कारखान्यात जमीन गेलेली, मुलगा त्याच कारखान्यात लागलेला, घरी सून सुगंधा. म्हातारी जिभेने तिखट, पण बाईंवर तिचा जीव. त्या पावसाळ्यात स्कायलॅब पडणार अशी आवई उठली. आकाशात फिरणारी ती भलीमोठी अमेरिकन प्रयोगशाळा खाली येणार, नक्की कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. गावात घबराट. ठमाबायने राखून ठेवलेली कोंबडी कापली.

“मरायचंच हाय तर तिला कुनासाठी ठेवू?” ती म्हणाली. “बाई, तुमी पन दोन घास खा.”

“ठमाबाय, अर्ध्याहून जास्त पृथ्वी समुद्र आहे. उरलेल्यात एवढे डोंगर, एवढी वाळवंटं. ते नेमकं मोहोपाड्यावर कशाला येईल?”

“आनि आलं तं?”

“आपलं गाव इतकं महत्त्वाचं असतं तर आधी इथं एसटी वेळेवर आली असती.”

स्कायलॅब दूर कुठेतरी समुद्रात आणि ओसाड रानात पडली. पुढे कित्येक दिवस ठमाबाय म्हणत होती, “ती पडली नाय, पन माजी अंड्यावरली कोंबडी गेली.” ते ऐकून बाई गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, “स्कायलॅबचा मोहोपाड्यातला एकमेव बळी.”

थंडीत दिवस मावळताना बाई अंगणात पाण्याची परात ठेवायच्या. पाणी स्थिर झालं की त्यात शुक्र उतरायचा. पोरं परातीभोवती उकिडवी बसायची. कुणीतरी बोट बुडवायचं, शुक्राचे तुकडे व्हायचे, मग सगळी त्याच्यावर ओरडायची आणि पाणी पुन्हा थांबायची वाट बघायची. मीही त्यांच्यात बसायचे. खाली बघणाऱ्या इतक्या जणांत माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नसे, आणि ते मला फार बरं वाटायचं.

त्याच थंडीत बाईंनी पोरांना सांगितलं की फेब्रुवारीत सूर्यग्रहण आहे. कर्नाटकाच्या बाजूला सूर्य पूर्ण झाकला जाईल, आपल्याकडे चतकोर कोर उरेल. आणि ते मी तुम्हाला दाखवणार, म्हणजे दाखवणार.

यात त्यांचं काय गुंतलं होतं ते त्यांनी मला एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता सांगितलं. त्या दहा-एक वर्षांच्या असताना त्यांच्या गावी, पोशीरला, ग्रहण पडलं. आईने बहीणभावांना माजघरात कोंडलं. अंधारात बाईंना जमिनीवर उजेडाच्या लहान लहान कोरी दिसल्या, पुष्कळ, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. त्यांनी आईला सांगितलं. आईला वाटलं पोरीला काहीतरी बाधलं. तिने एक थोबाडीत दिली, डोळ्यांवर पदर बांधला आणि दुसऱ्या दिवशी दृष्ट काढली.

“मी खोटं बोलत नव्हते गं,” बाई म्हणाल्या. “पण पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाईपर्यंत मला वाटायचं, आपल्या डोळ्यांतच काही दोष आहे. या मेमध्ये मी रिटायर होते. त्याआधी निदान एका वर्गाला तरी, तुम्हाला दिसलं ते खरं आहे, एवढं मला सांगायचंय.”

मग त्यांनी पुठ्ठ्यांना सुईने भोकं पाडून घेतली. पटांगणात सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि पुठ्ठ्यातून खाली पडणारा कवडसा बघायचा. काजळी धरलेली काच आणायची नाही, एक्स-रेची फिल्म आणायची नाही, हे त्या रोज बजावायच्या. “डोळा जळला तरी दुखत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.” हेडमास्तरांनी मान डोलावली होती. पण ग्रहण जवळ आलं तशी हवा फिरली. त्या दिवशी शाळांना सुट्टी असल्याचं कळलं. हेडमास्तर म्हणाले, “बाई, कुणाच्या पोराच्या डोळ्याला काही झालं तर रिटायर व्हायच्या आधी नसती आफत. जाऊ द्या आता.” आणि घरोघरी ठरलंच होतं, गिराण लागलं की दारंखिडक्या बंद. लोक तसंच म्हणायचे, गिराण. कॉलनीतही काही वेगळं नव्हतं. फक्त आमच्याकडे टीव्हीवर सिनेमा लागणार होता म्हणून पडदे ओढायचे होते.

आदल्या दिवशी मी गेले तर बाई खोलीत पुठ्ठे मांडीवर घेऊन बसलेल्या. पलीकडे ठमाबाय खिडकीच्या गजांत गोणपाट कोंबत होती. सुगंधा पोटुशी होती, सातवा सरत आलेला. आधीचं एक पोटातच गेलेलं. त्यामुळे म्हातारी या खेपेला एक फटही उघडी ठेवायला तयार नव्हती.

“मुलखाचं ऊन येतंय कुठनं कुठनं,” ती कुरकुरली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग गोणपाटाकडे, मग जमिनीकडे. खोलीत काळोख झाला होता आणि त्या काळोखात कवडसे कधी नव्हे इतके ठळक दिसत होते. बाई उठल्या. पुठ्ठे त्यांनी कोपऱ्यात फेकले.

“अगं, हे लोक आपल्याला अंधारी खोली बांधून देतायत,” त्या म्हणाल्या. “चल, चप्पल घाल.”

त्या संध्याकाळी त्या माझा हात धरून गावभर फिरल्या. ज्या ज्या घरात त्यांचा विद्यार्थी होता त्या प्रत्येक घरी त्यांनी एकच सांगितलं, “उद्या पोरांना अजिबात बाहेर सोडू नका. दारं घट्ट लावा. खिडक्यांना गोधड्या लावा. जेवढा अंधार कराल तेवढं बरं.”

लोक चाट पडले. एक बाप्या म्हणाला, “बाई, तुमी तं म्हनत व्हता गिराण बगायला भाईर या!”

“मी हरले,” बाई आनंदाने म्हणाल्या. “फक्त कवडसे पडतात तिथे धुतलेलं धोतर अंथरा. एवढं माझ्यासारख्या म्हातारीचं ऐका.”

“धोतर कशाला?”

“पाहुणा येणार आहे. त्याला बसायला.”

प्रत्येक घरी त्यांना एकटीला पोचता येणार नव्हतं. पोरांना त्यांनी शिकवून ठेवलंच होतं, ती आपापल्या घरी सांगणार होती. पण ठमाबायच्या घरात पोर नव्हतं. “तिथे तू,” बाई मला म्हणाल्या.

“मला नाही बोलता येणार.”

“कशावरून?” एवढंच म्हणून त्या पुढच्या घराकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी आईची परवानगी कशी काढली ते सांगत बसत नाही. दुपारी मी ठमाबायच्या घरात होते, दार बंद. सुगंधा भिंतीशी चटईवर आडवी, पोटावर पदर. हलायचं नाही, काही कापायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिचा नवरा पाळीवर गेलेला. म्हातारी देवाचं नाव घेत बसलेली. मध्ये धोतर अंथरलेलं आणि त्यावर कवडसे, दुपार कललेली म्हणून थोडे लांबट.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका कवडशाची कड जराशी दबल्यासारखी दिसली. मला वाटलं भास. पण शेजारच्याचीही तीच कड दबली होती आणि त्याच्या शेजारच्याचीही. बघता बघता उंदराने कुरतडावी तशी प्रत्येकाची एकच बाजू खाल्ली जाऊ लागली. मला पोशीरच्या माजघरातली ती लहान मुलगी आठवत होती.

“काय गं?” सुगंधाने विचारलं. “काय दिसतंय तुला?”

मी बोलायच्या आतच म्हातारीने बघितलं आणि ती किंचाळली. कवडसे एका जागी थांबत नाहीत. सूर्य मावळतीकडे सरकतो तसे ते उगवतीकडे सरकतात. एक कोर धोतर ओलांडून चटईवर चढली होती आणि हळूहळू सुगंधाच्या पोटाकडे निघाली होती.

“गिराण घरात शिरलं गं माजे बाय!” ठमाबायने घोंगडी उचलली. “सरक तू! डोळे मिट! वरचं भोक बुजीव कुनीतरी!”

सुगंधा घाबरून उठू लागली आणि धडपडली. मी तिचा खांदा धरला. आणि मग माझा आवाज मलाच ऐकू आला.

“थांबा! ते ग्रहण नाही. सूर्य आहे तो. आपला रोजचा सूर्य.”

“कशावरून?” म्हातारी कडाडली. तीन वर्षं बाईंच्या शेजारी राहिलेली ती, तिच्या तोंडी दुसरा शब्द येणार कुठून!

मी वर बोट केलं. “आजी, कौलांतल्या फटी बघा. उन्हाकडे नाही, नुसत्या फटी. ती लांब आहे ना? ती तिकोनी? तो टवका? आता खाली बघा. सगळ्या कोरी एकसारख्या. भोकं निरनिराळी आणि कोर एकच, म्हणजे ती भोकाची नाही. जो वर आहे त्याचा हा आकार आहे. काल तो गोल होता म्हणून कवडसे गोल होते. काल याच वेळी याच चटईवर ऊन पडलं होतं की नाही?”

“पडलं व्हतं,” सुगंधा हळूच म्हणाली. “रोज पडतंय. मी त्यातच निजते.”

“मग आज तोच अर्धा दिसतोय, कारण चंद्र मध्ये आलाय. थोड्या वेळाने जाईल. उद्या पुन्हा गोल.”

इतकं लांब मी उभ्या जन्मात कुणाशी बोलले नव्हते. म्हातारी घोंगडी हातात धरून तशीच उभी. ती वर बघायची, खाली बघायची, ओठ हलवत फटी आणि कोरी ताडून बघायची. सुगंधाने मात्र हात पुढे केला. कोर तिच्या तळव्यावर आली, नखाच्या मुळाशी असते तशी नाजूक. तिने मूठ मिटली, कोर मुठीवर. मूठ उघडली, कोर तळव्यात.

“आत्या, चटका नाय गं,” ती सासूला म्हणाली. “गार हाय.” आणि हसली. मग तिने तो हात मागे घेतला, आणि कोर सावकाश तिच्या पोटावर चढली. ठमाबायने घोंगडी खाली ठेवली.

बाहेर उजेड पातळ झाला, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. आणि शेजारच्या बंद घरांतून पोरांचा गलका ऐकू येऊ लागला. एका घरातून, मग पलीकडच्या, मग त्याच्याही पलीकडच्या. “आली! आली! आमच्याकडं नऊ हायत!” “आमच्याकडं धा!” दारं सगळी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि आतून गाव ओरडतंय. त्या गलक्याची आठवण झाली की अजूनही माझी मान आपोआप ताठ होते. आमच्या कॉलनीत त्या वेळी सिनेमा चालू होता. आमच्या स्लॅबला एकही भोक नव्हतं, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

ग्रहण सुटल्यावर बाई आल्या. घामाघूम, केस विस्कटलेले, डोळे लाल. त्यांनी सुगंधाकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बोललीस?”

“हो.”

“पुष्कळ?”

“पुष्कळ.”

“मग तुझी मराठीची शिकवणी आजपासून बंद,” त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसता पुसता बराच वेळ तो तिथेच धरून राहिल्या.

सुगंधाला वेळेवर मुलगी झाली, सुखरूप. बाई मेमध्ये निवृत्त होऊन पोशीरला भावाकडे गेल्या. मी सुट्टीत नेरळला उतरून त्यांच्याकडे जायचे. भाताच्या खाचरांत पाणी साठलं की त्या बांधावर बसून सगळं आकाश त्यात बघायच्या. “आता परात लागत नाही,” म्हणायच्या. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं तेव्हा आईला वाटलं, लाजरी मुलगी, प्रयोगशाळेत निभावून जाईल. बाईंनी नुसतं विचारलं, “कशावरून घेतलंस?” मी म्हटलं, “कवडशावरून.” मागच्या पावसाळ्यात बाई गेल्या. भिंग त्यांनी मला दिलं आहे. त्याने मी काहीच पेटवत नाही, नुसतं जवळ असतं.

या मेमध्ये मोहोपाड्याला गेले तेव्हा ठमाबायच्या घराची कौलं परतत होते. पावसाआधी दरवर्षी ती काढून पुन्हा नीट बसवतात. माणूस वर चढलेला, म्हातारी खालून त्याच्यावर नजर ठेवून. सगळ्या फटी बुजत आल्या होत्या.

“आजी, हे टवका उडालेलं कौल काढू का?” वरून हाक आली.

“त्याला हात लावशील तं बघ!”

“पावसात गळंल की!”

“मी टोप ठेवीन खाली. दर साली ठेवते. बाईचं हाय ते.”

त्या एका कवडशात सुगंधाची मुलगी बसली होती. यंदा पहिलीत जाईल. ती तो तळव्यावर झेलत होती. इतक्यात वरचा माणूस सरकला, त्याची सावली भोकावर आली आणि कवडसा विझला.

“आजे!” मुलगी आनंदाने ओरडली, “सूर्याला गिराण लागलं!”

ठमाबायने वर बघितलं नाही. तिने नातीचा हात होता तिथेच धरून ठेवला.

“सुटंल,” ती म्हणाली. “तू खाली बघत बस.”